वेताळाचं वय आणि अंकांचा घोळ

आज परभणीत जुन्या इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा क्रमानं लावताना पुन्हा तोच वाद. वेताळाचं, म्हणजे ली फॉक यांच्या ‘फँटम’ या चित्रकथा-नायकाचं, वय नेमकं किती? वेताळपण बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून प्रत्येकाला क्रमांक. वर्तमानपत्रातली चित्रपट्टी 17 फेब्रुवारी 1936 ला सुरू झाली तेव्हाही तो 21 वा, आजही 21 वाच. पहिल्या वेताळाची कथा 1536 ची. म्हणजे आधीच्या वीस जणांना सरासरी वीस-वीस वर्षं आणि हा एकटा नव्वदीच्या घरात! डायनाशी लग्न 1977 ला लागलं, जुळी पोरं अजून चाळिशीला पोचेनात. बरं, एवढं चालतं कॉमिक्समध्ये.

खरा घोळ क्रमाचा आहे. रोजची पट्टी आणि 1939 पासूनची रविवारची पट्टी, दोन्हींत कथा वेगवेगळ्या चालायच्या. इंद्रजालनं 1964 पासून त्या छापल्या, पण मूळ तारखांच्या क्रमानं नाही. शिवाय ठरलेल्या पानांत बसवायला चित्रांच्या चौकटी उडवल्या, म्हणून काही दुवे मधेच तुटतात. वेताळाच्या काल्पनिक देशाचं, बांगलाचं, डेंकालीही तिथंच झालं.

तेव्हा अंक क्रमांकावरून उगं भांडू नका. वहीत चार रकाने पाडा: अंक, रोजची की रविवारची, मूळ वर्ष, चित्रकार. वर्ष सापडेना तर चित्रकार बघा. विल्सन मॅकॉय असेल तर कथा साधारण 1961 पर्यंतची, साय बॅरी असेल तर त्यानंतरची.

पहिल्या कथेतला श्रीमंत तरुण जिमी वेल्स मात्र कुठंच बसत नाही. ली फॉक त्यालाच वेताळ करणार होते, कथा चालू असतानाच बेत बदलला.