आधी इलेक्ट्रॉन, मग पेशी: माझा अनुभव

जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडलं, की पेशी आणि जनुकांच्या आधी एक प्रकरण लागतं: अणू, बंध, पाणी, आम्ल आणि आम्लारी. रसायनशास्त्राचा पाया कच्चा असेल तर ते भराभर उरकून पुढे जावंसं वाटतं. मी मात्र ठरवून त्याच प्रकरणावर रेंगाळले. कुठला धागा हाताशी धरल्यावर बाकीचं समजत गेलं, ते सांगते.

संपूर्ण आवर्तसारणी घेऊन बसायची गरज पडली नाही. माणसाच्या शरीराच्या वजनात सुमारे ९६ टक्के वाटा ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चौघांचाच असतो. कोण साधारणपणे किती बंध करतो एवढंच आधी पाठ केलं: हायड्रोजन १, ऑक्सिजन २, नायट्रोजन ३, कार्बन ४. मग पुस्तकातल्या नागमोडी आकृत्या वाचता यायला लागल्या. रेघ वळते तिथे कार्बन आहे, आणि त्याचे चार बंध पुरे व्हायला जितके कमी पडतात तितके न दाखवलेले हायड्रोजन आहेत. अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मी अशीच काढून काढून शिकले, नुसती बघून ती लक्षात राहत नाहीत.

खरा धागा सापडला तो विद्युतऋणतेत. बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची अणूची ताकद म्हणजे विद्युतऋणता. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या मोजपट्टीवर ऑक्सिजन ३.४४, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५ आणि हायड्रोजन २.२०. हे चार आकडे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातला फरक अगदी थोडा, म्हणून त्यांच्या बंधात इलेक्ट्रॉन जवळपास सारखे वाटलेले असतात. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यात फरक मोठा, म्हणून इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे झुकतात. पाण्याचा रेणू १०४.५ अंशात वाकलेला असल्यामुळे त्याची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, तोच हायड्रोजन बंध.

तेल पाण्यात का मिसळत नाही, पेशीपटलातले मेदरेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून दुहेरी थर का करतात, प्रथिनं घडी का घालतात, हे तिन्ही प्रश्न मी त्या चार आकड्यांवरून सोडवून पाहिले आणि ते सुटले: प्रभार असलेले किंवा प्रभार झुकलेले भाग पाण्याशी जमतात, नुसते कार्बन-हायड्रोजनचे भाग पाण्यापासून दूर एकत्र येतात. सिकल सेल आजाराचं उदाहरण वाचताना तर मी थक्क झाले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लाच्या बाजूच्या गटावर प्रभार असतो, तर व्हॅलिनच्या गटात फक्त कार्बन आणि हायड्रोजन. पाण्याला नकोसा असा एक ठिपका रेणूच्या पृष्ठभागावर उमटतो. ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत असे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे होतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. एका बाजूच्या गटातला बदल, आणि माणूस आयुष्यभर वेदना सोसतो! हे समजल्यापासून ध्रुवीय (इलेक्ट्रॉन एकीकडे झुकलेले) आणि अध्रुवीय (जवळपास सारखे वाटलेले) हे शब्द मला कोरडे वाटत नाहीत.

ऑर्बिटलचे आकार आणि पुंज क्रमांक, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन कुठे आणि कसे असतात याचा बारीक तपशील, मी तूर्त बाजूला ठेवले. मोलची, म्हणजे कण मोजायच्या एककाची, गणितं मात्र टाळू नयेत, प्रयोगशाळेत द्रावण करायचं तर ती लागतातच.

सर्वांत जास्त वेळ पीएचने, म्हणजे द्रावण किती आम्ल आहे ते सांगणाऱ्या आकड्याने, घेतला. ती लॉगची मोजपट्टी आहे, म्हणजे पीएच एकने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात, हे वाचून भागत नाही, आकडे घालून बघावे लागतात. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो. ७.४ ला लिटरमागे सुमारे ४० नॅनोमोल हायड्रोजन आयन असतात, तर ७.१ ला ८०. दिसायला फरक ०.३ चा, प्रत्यक्षात आयन दुप्पट. मग बफर, म्हणजे पीएच फारसा हलू न देणारी व्यवस्था, कशासाठी हे निराळं सांगावं लागलं नाही. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी मिळून कार्बोनिक आम्ल, त्यातून हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट, ही दोन्हीकडे जाणारी अभिक्रिया मी पुन्हा पुन्हा लिहिली आणि दरवेळी स्वतःला विचारलं: श्वास जोरजोरात घेतला तर? कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, अभिक्रिया मागे सरकते, हायड्रोजन आयन कमी होतात, पीएच चढतो. श्वास रोखला तर याच्या उलट.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूपाशी एक वाक्य मला अडवून बसलं: ‘फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा मिळते.’ बंध तोडायला तर नेहमी ऊर्जा द्यावी लागते, मग हे कसं? उत्तर पूर्ण अभिक्रियेचा हिशेब मांडल्यावर मिळालं. एटीपीत ऋण प्रभार एकमेकांशेजारी दाटलेले असतात. पाण्याशी अभिक्रिया होऊन शेवटचा फॉस्फेट सुटला की ती दाटी कमी होते, सुट्या फॉस्फेटवर इलेक्ट्रॉन अधिक पसरतात, पाण्याचे रेणूही भोवती नीट जमतात. तयार होणारे पदार्थ जास्त स्थिर, म्हणून तोडायला लागली त्याहून जास्त ऊर्जा परत मिळते: प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे ३०.५ किलोज्यूल.

श्वसनाचं प्रकरण मी याच नजरेने वाचलं. ग्लुकोजमध्ये कार्बन-हायड्रोजन बंधांत जवळपास सारखे वाटलेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने हातोहात जात शेवटी ऑक्सिजनकडे पोचतात आणि पाणी तयार होतं. २.५५ पासून ३.४४ पर्यंतच्या त्या प्रवासात सुटणाऱ्या ऊर्जेवरच पेशी आपलं बहुतेक एटीपी बनवते.