स्टँडबायवरून ऑल्टला

शनिवार, रात्री उशिरा

आज व्हॅटसिमवर, म्हणजे विमान उडवायचा संगणकी खेळ लोक ऑनलाइन एकत्र खेळतात त्या नेटवर्कवर, मुंबईला कंट्रोलर बसला होता. एरवी आपल्याकडच्या आकाशात बरेचदा शुकशुकाट, 122.8 या सामायिक रेडिओ फ्रिक्वेन्सीवर आपणच आपलं सांगायचं आणि निघायचं. आज गोव्याला जायचा क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, मागितला, स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखायचा आकडा) मिळाला, मी सगळं परत वाचून दाखवलं, तो रीडबॅक बरोबर निघाला. एवढ्यानंही बरं वाटलं.

गेममधला आयता एटीसी, म्हणजे संगणकी कंट्रोलरसुद्धा कोड देतो, पण रेडिओ को-पायलटवर सोपवून चहा करायला गेलं तरी त्याचं काही अडत नाही. इथं पलीकडे माणूस असतो, रीतसर परीक्षा देऊन फुकट बसलेला. कोड म्हणजे 0 ते 7 मधले चार आकडे, 8-9 नाहीतच. त्यामुळे एकूण 4096. त्यातला अपहरणाचा 7500 व्हॅटसिमवर लावायला बंदी आहे. अगदी योग्य. शनिवारी रात्री कुणाला काय सुचेल सांगता येत नाही.

किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला जाताना कंट्रोलर दुसऱ्या एकाला म्हणाला, 'चेक ट्रान्सपाँडर.' ट्रान्सपाँडर म्हणजे विमानाचा कोड आणि उंची रडारला कळवणारं यंत्र. त्या पठ्ठ्याच्या यंत्राचा नॉब अजून स्टँडबायवरच! म्हणजे उंची कळायची तर त्याच्या तोंडून.

मला हरियाणातल्या चरखी दादरीची विमानांची टक्कर आठवली. 12 नोव्हेंबर 1996. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला 14,000 फूट दिले होते, समोरून येणाऱ्या कझाक विमानाला 15,000. दिल्लीच्या कंट्रोलरकडे तेव्हा प्राथमिक रडारच होतं. त्यावर विमान कुठं आहे ते दिसे, किती उंचीवर ते नाही. कझाक विमान 15,000 च्या खाली आलं ते पडद्यावर कळायला मार्गच नव्हता. 349 माणसं गेली. भारतात टीकॅस, म्हणजे जवळ आलेल्या विमानाचा इशारा देणारं विमानातलं यंत्र, सक्तीचं झालं ते त्यानंतर. आणि टीकॅस तरी काय, समोरच्याच्या ट्रान्सपाँडरलाच विचारतं. तो गप्प, तर हे आंधळं.

'नुसता खेळ आहे, कशाला एवढं?' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण विमान धावपट्टीकडे नेतानाच माझा हात त्या नॉबकडे जातो.

पठ्ठ्यानं नॉब ऑल्टला, म्हणजे उंचीही कळवायच्या खुणेवर, टाकला. माझ्या टीकॅसवर ठिपका उमटला, शेजारी +10. हजार फूट वर, सगळं नियमात. कंट्रोलर फक्त 'थँक यू' म्हणाला. मी असतो तर दोन शब्द सुनावले असते.