माघी वारी आणि तात्यांची पावली

सुगी आटोपली की बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातून माघी वारीच्या दिंड्या निघतात. भात मळून घरात आलेलं असतं, माणूस मोकळा असतो. आमच्या दिंडीत निम्म्याहून जास्त माणसं साठीपुढची. सामान टेंपोत, गळ्यात टाळ, आणि काकती सोडली की वंटमुरीचा घाट.

चढाला दम लागतो, पण उताराला गुडघे बोलतात. तिथं मी तात्यांची पावलं बघत होतो. पंच्याहत्तरी ओलांडलेला गडी. तरुणपणी आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या केल्या, तालीम सुटल्यावर भाताची पोती उचलली, जोर-बैठका अजून चालू. आणि मी त्यांच्याहून कितीतरी लहान असून डेक्सा तपासणीत माझ्या खुब्याच्या हाडाची घनता कमी निघालेली.

"तात्या, हाडं तपासून घेतलाय काय कधी?"

"कशाला रे? मोडली न्हाईत की अजून."

ठिसूळ हाडं हे बायकांचं दुखणं, असं आपल्याकडं धरूनच चालतात. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं झिजतात हे खरं, पुरुषांची सावकाश. पण सत्तरीच्या आसपास दोघांची झीज सारखीच होते, आणि खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे. हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंत साठते, पुढं नुसता खर्च. तात्यांनी विशीत भरपूर साठवलं आणि नंतर खर्च आवरून धरला.

चालण्यानं ते होतं का? थोडंच. सपाट डांबरावर एका लयीत चाललं की दमसास वाढतो, साखर आटोक्यात राहते, हाडाला मात्र त्याचं फारसं काही वाटत नाही. त्याला जोराचा, अचानक, वेगळ्या दिशेनं आलेला भार लागतो. तोच तोच भार पडत राहिला की हाडाच्या पेशी दाद देईनाशा होतात. पोहणं आणि सायकल तर हाडांसाठी चालण्याहूनही कमी.

चिकोडीच्या मुक्कामी हरिपाठ झाला आणि पावली रंगली. दोन पावलं पुढं, एक मागं, गिरकी, आणि पखवाजाच्या थापेवर उडी. तात्या उतरले की शेणानं सारवलेल्या अंगणात धप्प आवाज यायचा. माझ्या मते दिवसभराच्या चालीपेक्षा त्या अर्ध्या तासानं हाडांचं जास्त भलं केलं असेल. अर्थात ज्याचा मणका आधीच खचलाय त्यानं उड्या मारू नयेत. आमच्यातले एक मामा तसे होते. ते जागेवरच आळीपाळीनं एकेका पायावर तोल धरत टाळ वाजवत होते. म्हातारपणी पडायचं टाळणं हेही मोठंच काम.

मांजरीच्या पुलावर कृष्णा ओलांडली आणि पलीकडं नाचणीची आंबील मिळाली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे मी सगळ्यांना ऐकवलं. तेवढ्यात तात्यांनी चंची काढली.

"तंबाखू सोडा ओ, हाडांना वाईट."

"त्यात चुना हाय की रे. क्याल्शमच न्हवं?"

मिरजेच्या वाटेला लागेपर्यंत मी त्यांना तोंडाच्या कॅन्सरबद्दल सांगत होतो आणि ते निवांत तळहातावर मळत होते.