रिपोर्ट टाइप २ चा, विषाणू टाइप १ चा

त्या बाईंना खुर्चीत नीट बसताही येत नव्हतं. अंगात ताप, दोन्ही जांघांत दुखऱ्या गाठी, योनीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना उथळ जखमा. लघवी करताना इतकी आग व्हायची की त्यांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. हातात बाहेरच्या लॅबचा कागद होता : 'हर्पिस सिम्प्लेक्स टाइप २, आयजीएम पॉझिटिव्ह'. हर्पिस हा फोड आणणारा विषाणू, आणि टाइप २ बहुतेक लैंगिक संबंधातून येतो, म्हणून त्या एका ओळीवरून घरात नवऱ्याला आरोपी ठरवून झालं होतं.

हर्पिससाठी आयजीएम (संसर्गाविरुद्ध रक्तात आधी तयार होणारी प्रतिपिंडं, म्हणजे शरीराची संरक्षक प्रथिनं) तपासणी करूच नये, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही टाइपच्या विषाणूंची बरीचशी प्रथिनं सारखी असतात, त्यामुळे आयजीएमवरून टाइप ठरत नाही. जुना आजार उलटला तरी ते वाढू शकतं, म्हणून संसर्ग नवा की जुना हेही कळत नाही.

टाइप ठरवायचा तर नमुना जखमेतूनच घ्यावा लागतो. खपली धरलेली जागा सोडून एक न फुटलेला फोड निवडला, निर्जंतुक सुईने उघडला आणि डेक्रॉनचा (कृत्रिम धाग्याचा) स्वॅब तळाशी दाबून फिरवला. हे दुखतं, पण विषाणू तळाच्या पेशींत असतो. नुसतं वरवर पुसलं किंवा खपलीवरून स्वॅब घेतला तर पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) खोटं निगेटिव्ह येऊ शकतं. सोबत रक्तातलं टाइपनिहाय आयजीजी (नंतर तयार होऊन टिकणारी प्रतिपिंडं; दोन्ही टाइपमध्ये वेगळ्या असणाऱ्या ग्लायकोप्रोटीन जी या प्रथिनावर आधारलेलं), एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या पाठवल्या. रिपोर्टची वाट न पाहता असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १० दिवसांसाठी सुरू केलं. जखमांवर बधिर करणारं लिग्नोकेन जेल, भरपूर पाणी, आणि कोमट पाण्याच्या टबात बसून लघवी. लघवी अडली तर लगेच यायचं, कारण पहिल्या संसर्गात तसं होतं आणि मग कॅथेटर घालावा लागतो.

पीसीआर आलं : टाइप १. आयजीजी दोन्ही टाइपचं निगेटिव्ह. म्हणजे शरीराची या विषाणूशी ही पहिलीच गाठ. प्रतिपिंडं तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून जुना संसर्ग असता तर ती आधीच दिसली असती.

नवऱ्याला विचारलं तेव्हा कळलं, लहानपणापासून तापानंतर ओठाच्या कडेला फोड येतात. याला कोणी आजार म्हणत असेल हे त्यांना माहीतच नव्हतं. ओठावर काही दिसत नसतानाही लाळेतून विषाणू बाहेर पडतो आणि मुखमैथुनातून जननेंद्रियावर पोचतो. संसर्ग या वाटेने झाला असणं अगदी शक्य आहे, मात्र कोणतीही तपासणी तो कोणाकडून आला हे सिद्ध करत नाही. दोघांनाही एकत्र बसवून हे याच शब्दांत सांगितलं.

बाईंचा पुढचा प्रश्न होता, 'हे आता आयुष्यभर येत राहणार का?' टाइप कळण्याचा खरा उपयोग इथे होतो. पहिल्या जखमा डोळ्यांनी पाहून टाइप ओळखता येत नाही, दोन्ही तितक्याच त्रासदायक असतात. फरक पुढे पडतो. दोन्ही विषाणू कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतात, पण तिथे टाइप २ चांगला रुळतो आणि पहिल्या वर्षात साधारण चार-पाचदा उलटतो. टाइप १ तिथे साधारण वर्षातून एकदा उलटतो, नंतर आणखी कमी, आणि अनेकांना परत कधीच होत नाही. ओठावर नेमकं उलटं : तिथे टाइप १ परत परत येतो, टाइप २ क्वचित.

म्हणून रोजची गोळी त्यांना दिली नाही. फोड येण्याआधी त्या जागी मुंग्या आल्या की २४ तासांच्या आत असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन दिवस, एवढंच लिहून दिलं. नवऱ्याच्या ओठावर फोड असेल तोवर चुंबन आणि मुखमैथुन बंद.

मूल हवं होतं, ती भीतीही होती. आईला पहिला संसर्ग गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाला तर बाळाला धोका फार मोठा असतो. आधी होऊन गेलेल्या संसर्गात आईची प्रतिपिंडं बाळाला मिळतात आणि तो खूप कमी होतो. प्रसूतितज्ज्ञांना हे आधीच सांगायचं, आणि कळा सुरू होताना जखम किंवा मुंग्या असतील तर सिझेरियन करायचं, हे केसपेपरवर ठळक लिहून ठेवलं.