केस पेपरवर पावणेअकरा, अटक साडेपाचला

रिमांडच्या वेळी, म्हणजे पोलीस अटक केलेल्याला कोर्टात आणून कोठडी मागतात तेव्हा, बचावाच्या वकिलाकडे फार कागद नसतात. जबाब मिळत नाहीत, केस डायरी (तपासाची रोजची नोंद) बघायला मिळत नाही. रिमांड रिपोर्ट, अटक फॉर्म आणि एफआयआर एवढ्यावरच भागवायचं. त्या बुधवारी ट्रकचालकाचं वकीलपत्र दाखल केलं आणि गुन्ह्याची हकीकत बाजूला ठेवून मी आधी सगळ्या कागदांवरच्या वेळा एका पानावर उतरवल्या.

अटक मंगळवारी सायंकाळी 5.30. कोर्टात हजर बुधवारी दुपारी 3 वाजता. अटकेपासून चोवीस तासांत हजर करायचं असतं; इथे साडेएकवीस तास, सगळं नियमात. पण पोलिसांनीच जोडलेल्या ग्रामीण रुग्णालयाच्या केस पेपरवर वेळ होती मंगळवार सकाळी 10.45, आणि ‘कोणी आणले’ या रकान्यात पोलीस शिपायाचा बक्कल नंबर (ओळख क्रमांक). अटकेनंतर करायची वैद्यकीय तपासणी अटकेच्या पावणेसात तास आधीच उरकली होती!

बायकोचं म्हणणं, त्याला सोमवारी रात्रीच ढाब्यावरून उचललं. खरंही असेल, पण रिमांडला तोंडी सांगण्याला वजन नसतं. अर्जात ते लिहिलं, भर मात्र केस पेपरवर ठेवला. 10.45 पासून धरलं तरी सव्वाअठ्ठावीस तास होतात. राज्यघटनेचा अनुच्छेद 22(2) चोवीस तासांतून फक्त प्रवासाचा वेळ वगळतो, आणि इथे ठाणं कोर्टापासून चालत दहा मिनिटांवर.

सरकारी वकिलांचं उत्तर ठरलेलं: तेव्हा अटक नव्हती, चौकशीला बोलावलं होतं. मग बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस कुठे आहे? गुन्हा विश्वासघाताचा, म्हणजे सोपवलेला माल परस्पर विकल्याचा, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. अशा गुन्ह्यात आधी नोटीस, आणि अटक करायचीच तर तिची गरज लेखी नोंदवून. नोटीस नव्हती. स्टेशन डायरीत तो आल्याची नोंद होती, गेल्याची नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने अशक हुसेन प्रकरणात 1990 मध्येच सांगितलंय की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं की अटक सुरू होते. अधिकारी फॉर्मवर कोणती वेळ लिहितो त्यावर ते ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये सुभाष शर्मा प्रकरणात चोवीस तास उलटून गेल्यावर अटकच बेकायदा धरली.

दुसरा मुद्दा मला जास्त भक्कम वाटत होता. अटकेची कारणं लेखी दिली होती, पण मराठीत, आणि खाली चालकाची सही कन्नडमध्ये. त्याला मराठी वाचता येत नाही. मजकूरही कोणालाही लावता येईल असा: ‘पुरावा नष्ट करू नये, साक्षीदारांवर दबाव आणू नये म्हणून’. याच माणसाविरुद्ध काय मिळालं, कुठला माल, कोणाला विकला, यातलं अक्षरही नाही. वर प्रत हातात दिली 2.20 ला, कोर्टाच्या व्हरांड्यात. मिहिर शहा निकालाने (नोव्हेंबर 2025) आता शंकाच ठेवलेली नाही: गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी, आरोपीला समजणाऱ्या भाषेत, आणि उशिरात उशिरा म्हणजे रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. इथे मिळाली चाळीस मिनिटं.

रिमांड रिपोर्टमध्ये ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली आहे’ हे वाक्य होतंच. ते जवळजवळ प्रत्येक रिपोर्टमध्ये असतं. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येत नाही, तिच्यावरून काही हाती लागलं तर तेवढाच भाग येतो. त्यावर वेळ घालवला नाही.

सीसीटीव्हीचा अर्ज मात्र त्याच दिवशी दिला. परमवीर सैनी निकालाप्रमाणे (2020) ठाण्यातलं चित्रण 18 महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर जपायचं असतं. तरीही जामीन झाला की हा अर्ज मागे पडतो, आणि पुढे ‘हार्ड डिस्क बदलली’ असं उत्तर येतं. अर्जात कॅमेऱ्याची जागा, तारीख आणि तासांची मर्यादा लिहावी. ‘संपूर्ण फुटेज द्यावे’ म्हटलं की तो मोघम म्हणून फेटाळला जातो.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी चालकालाच हिंदीतून विचारलं, कागदात काय लिहिलंय? त्याला सांगता आलं नाही. कोठडी नाकारली, वैयक्तिक बंधपत्रावर सोडलं, चित्रण जपण्याचा आदेश झाला.

पोलिसांची वाट त्याने बंद होत नाही. कारणं नीट देऊन कोठडीसाठी पुन्हा अर्ज करता येतो, शक्यतो आठवड्याच्या आत त्यावर निर्णय व्हावा लागतो. तपास अधिकाऱ्यांनी तसा अर्ज केला, सोबत कन्नड भाषांतर जोडून. या वेळी वेळा बरोबर होत्या, भाषाही. माल गोदामातून आधीच जप्त झालेला असताना कोठडी कशासाठी, एवढ्यावरच युक्तिवाद झाला.