आमची वाटचाल: क्राऊन उघडण्याआधी चाक फिरवून बघतो

आमचं वर्कशॉप कराडात, चिपळूणकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, १९९४ साली पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलं तेव्हा एकच काम घ्यायचे, मागचा क्राऊन. क्राऊन म्हणजे डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांच्या मधे बसून इंजिनची ताकद त्यांना वाटून देणारी गिअरची पेटी. डिफरन्शियल हा शब्द आमच्याकडं बिलावर लिहितात. बोलताना सगळे "क्राऊन गेला" एवढंच म्हणतात. कुंभार्ली घाटानं कोकणातून जांभा दगड भरून चढणाऱ्या गाड्या, पाटणच्या डोंगरातून दूध आणणारे पिकअप, यांच्यावरच आमचं घर चाललं.

पेटीतला मोठा गिअर क्राऊन आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर पिनियन. आण्णा त्यांच्या दातांमधला खेळ, म्हणजे मोकळी जागा, हातानं हलवून सांगायचे. मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन २००५ साली शेडमध्ये आलो आणि पहिल्या दिवाळीच्या पैशातून तो खेळ मोजायचा डायल गेज घेतला. आण्णांनी सांगितलेला खेळ आणि गेजचा काटा बऱ्याचदा इतका जवळ यायचा की मला त्यांच्या हाताचं नवल वाटायचं. दातांवर निळा रंग लावून घासणीचा ठसा बघायचा, शिम, म्हणजे पातळ चकत्या, बदलून पिनियन मागंपुढं घ्यायचा, आणि क्राऊन व पिनियन कधीही सुटं बदलायचं नाही, जोडीच घालायची. ही शिस्त त्यांचीच.

त्या काळात आमच्याकडं येणाऱ्या जवळजवळ सगळ्या पिकअपांच्या मागं साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल असायचं. त्यामुळं हौसिंगच्या, म्हणजे क्राऊनच्या लोखंडी डब्याच्या, आत दुसरं काही असू शकतं हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. ते २०११ च्या पावसाळ्यात कळलं, आणि कळण्याची किंमत एका गिऱ्हाइकानं मोजली.

पाटणकडच्या एका दूधवाल्या काकांनी सेकंडहँड फोर बाय फोर पिकअप घेतला होता. आम्ही त्याचं मागचं ऑइल बदललं, नेहमीचं नव्वद नंबर घातलं. पंधरा दिवसांनी काका परत आले. "वळताना मागनं कडकडतंय रे, सगळी गाडी थरथरतीय." मी चालवून बघितली आणि ठामपणे सांगितलं, बेअरिंग गेलंय. हौसिंग उघडलं तर स्टार गिअरच्या, म्हणजे आतल्या छोट्या गिअरांच्या, दोन्ही बाजूंना क्लचसारख्या पातळ प्लेटांची चवड होती. तिथंच थांबायला हवं होतं. मी प्लेटा पुसल्या, होत्या तशा बसवल्या, बेअरिंग नवीन घातलं आणि तेच ऑइल पुन्हा भरलं. आवाज तसाच राहिला.

तिसऱ्या खेपेला गाडीखाली आडवा झालो आणि हौसिंगवरचा चिखल खरवडला. त्याखाली अर्धवट फाटलेलं स्टिकर होतं. एलएसडीचंच ऑइल वापरा, असं त्यावर लिहिलेलं. एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, त्या प्लेटांचं. आम्ही या गाडीला दोनदा हात लावला होता आणि दोन्ही वेळा तो चिखल पुसला नव्हता. पुण्याहून योग्य ऑइल मागवलं, मैदानात गाडी नेऊन लायसन्सच्या परीक्षेत काढतात तसे सावकाश दहा-बारा आठ काढले, म्हणजे ऑइल प्लेटांमध्ये मुरतं. कडकड गेली. बेअरिंगचे आणि मजुरीचे पैसे आण्णांनी काकांच्या घरी जाऊन परत दिले. मला बरोबर नेलं होतं.

त्या दिवसापासून मी हा विषय धरून बसलो. आता गिऱ्हाइकाला समजावताना ट्रॅक्टरपासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, ती सवलत स्टार गिअर देतात. पण ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना ताकद सारखीच देतं. एक चाक चिखलात असेल तर त्याला जेवढी झेपेल तेवढीच थोडी ताकद कोरड्यातल्या चाकालाही मिळते. लोक म्हणतात, सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला गेली. तसं नसतं. वेग सगळा तिकडं जातो, ताकद दोघांनाही मिळत नाही. म्हणून तर रान ओलं असलं की शेतकरी टाचेजवळचं डिफ लॉकचं पेडल दाबतो, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. लिमिटेड स्लिप हे ओपन आणि लॉक या दोन्हींच्या मधलं. प्लेटांच्या घर्षणामुळं जोरात फिरणाऱ्या चाकाकडून हळू फिरणाऱ्याकडं थोडी ताकद सरकते, पण वळताना दोघांना वेगवेगळं फिरता येतं. साध्या ऑइलवर त्या प्लेटा सरकण्याऐवजी धरतात-सोडतात, धरतात-सोडतात. काकांच्या गाडीची थरथर तीच होती.

आत काय आहे हे न उघडता ओळखायची आमची पद्धत सोपी आहे. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, मागची दोन्ही चाकं घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उचलायची, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मग मागचं एक चाक हातानं फिरवायचं. मागचंच पलीकडचं चाक उलटं फिरलं तर बहुतेक ओपन. त्याच दिशेनं फिरलं तर आत प्लेटा आहेत, आणि त्या अजून धरतात.

"बहुतेक" मुद्दाम म्हणतो. प्लेटा झिजून गुळगुळीत झाल्या की लिमिटेड स्लिपही उलटं फिरवून दाखवतं. उलट, दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरतात म्हणून खूश झालो आणि आत कुणीतरी स्टार गिअर चक्क वेल्ड केलेले निघाले, असंही झालंय. अशी गाडी डांबरावर वळताना टायर खरडते, एक्सल पिळते. म्हणून दुसरी तपासणी करतो. गाडी गिअरमध्ये टाकून चाक फिरवायचं. ओपन असेल तर सहज फिरतं, वेल्ड असेल तर हलत नाही, प्लेटांचं असेल तर जोर लावल्यावर जड जड फिरतं.

२०२० ची नवी थार आली आणि आम्हाला पुन्हा शिकावं लागलं. तिच्या काही मॉडेलना मागं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आहे. हातानं फिरवलं तर ते ओपनसारखंच वागतं, कारण दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडल्याशिवाय ते लॉकच होत नाही. इतक्या वेगानं हात फिरत नाही. २०२२ मध्ये भारतात आलेल्या हायलक्सला बटणाचं इलेक्ट्रिक लॉक आहे, तेही बटण बंद असताना ओपनच. अशा गाड्यांना आधी कागद बघतो, गाडीवरची माहितीची प्लेट बघतो, मग हात लावतो.

आता पोरं येतात आणि साध्या पिकअपला लिमिटेड स्लिप बसवून मागतात. मी बऱ्याच जणांना नाही म्हणतो, धंदा जातो तरी. ज्याचा रस्ता डांबरी आहे त्याला ते नको. पावसात घाट उतरताना रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. ओपनला एकच चाक सुटतं, दुसरं गाडी सरळ ठेवतं. लिमिटेड स्लिपला दोन्ही एकदम सुटली तर शेपटी बाजूला जाते. कुंभार्लीत ते कुणाच्याही वाट्याला येऊ नये. ज्याला रोज शेताच्या कच्च्या वाटेनं भरल्या गाडीनं बाहेर पडायचंय, त्याला आनंदानं बसवून देतो. इतरांना आधी चांगले टायर घ्यायला सांगतो. रुतलेच तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून हलकं ॲक्सिलरेटर द्या, असंही सांगतो. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला अडसर मिळाला की दुसऱ्याला थोडी ताकद जाते. पुष्कळदा तेवढ्यावर गाडी निघते.

शेडची जागा आता पक्क्या बांधकामानं घेतली आहे, हाताखाली चार मुलं आहेत. प्रत्येक गाडीची वहीत नोंद होते: चाक कुठल्या दिशेला फिरलं, गिअरमध्ये कसं लागलं, स्टिकर आहे का, ऑइल कुठलं घातलं. स्टिकरचा रकाना भरल्याशिवाय ऑइलचा डबा उघडायचा नाही, आणि तो भरायचा तर आधी हौसिंग पुसावंच लागतं. दूधवाल्या काकांचा पिकअप अजून येतो. त्याच्या हौसिंगवर आम्ही पांढऱ्या ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, "एलएसडी". दर पावसाळ्यानंतर मी ते पुन्हा रंगवतो.