टॅक्रोलिमस, एक मिलिग्रॅम

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार म्हणजे डिस्पेन्सरीत पाय ठेवायला जागा नसते. केंद्र सरकारच्या कर्मचारी-निवृत्तांसाठी असलेल्या सीजीएचएस योजनेत मी नागपुरात फार्मसिस्ट आहे. २७ ऑक्टोबर २०२५ च्या त्या सकाळी अकराच्या आतच टोकन नव्वदच्या पुढे गेलं होतं. बीपी आणि साखरेच्या गोळ्यांची रांग भराभर पुढे सरकत होती. तेवढ्यात एका काकूंनी पर्समधून एक पट्टी काढून खिडकीत ठेवली.

“भाऊ, यांच्या किडनीच्या गोळीच्या जागी आता हीच लिहून द्या ना. एकच टाइम घ्यावी लागते. दोनदाची कटकट नाही.”

काका ७१ वर्षांचे, पोस्टातून निवृत्त झालेले. सहा वर्षांपूर्वी त्यांचं मूत्रपिंड प्रतिरोपण झालं आहे. टॅक्रोलिमस एक मिलिग्रॅम सकाळी आठला आणि रात्री आठला, अशी त्यांची मात्रा. आमच्याकडून महिन्याला साठ कॅप्सूल जात. काकूंनी ठेवलेल्या पट्टीवरही टॅक्रोलिमस एक मिलिग्रॅम असंच लिहिलं होतं. त्याच्या पुढे, बारीक अक्षरात, प्रोलॉन्ग्ड रिलीज. दहातल्या चार कॅप्सूल संपल्या होत्या.

मी मागच्या सहकाऱ्याला खिडकी सांभाळायला सांगितलं आणि काकूंना आत बोलावलं. भाऊबीजेला मंडळी अमरावतीला गेली होती आणि रोजची पट्टी नागपुरात फ्रीजवरच राहिली. मुलानं मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो तिथल्या औषध दुकानात दाखवला. तो फोटो मी मागून घेऊन पाहिला. औषधांची नावं स्पष्ट होती, पण उजवीकडचा १-०-१ चा रकाना फोटोत आलाच नव्हता. मूळ चिठ्ठीतही कॅप्सूल साधी की हळूहळू सुटणारी, हे लिहिलेलं नव्हतं. दुकानदारानं हाताशी होती ती दिली आणि पाकिटावर छापलंय तसं ‘सकाळी एक’ सांगितलं. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. चार दिवस काकांच्या पोटात रोज दोनऐवजी एकच मिलिग्रॅम गेलं होतं.

दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीराला परकंच वाटतं. टॅक्रोलिमस प्रतिकारशक्तीला आवरून धरतं म्हणून ते टिकतं. या औषधाची सुरक्षित मर्यादा फार अरुंद. रक्तात ते कमी पडलं तर शरीर मूत्रपिंड नाकारायला लागतं, जास्त झालं तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करतं, हात थरथरतात, साखर वाढते. साधी कॅप्सूल एक ते तीन तासांत रक्तात चढते आणि उतरते, म्हणून दर बारा तासांनी घ्यायची. प्रोलॉन्ग्ड रिलीज हळूहळू सुटते, म्हणून दिवसातून एकदा. रोजची एकूण मात्रा तेवढीच ठेवून एकीवरून दुसरीवर गेलं, तरी रक्तातली पातळी तेवढीच राहील याची खात्री नाही. हा बदल नेफ्रॉलॉजिस्टनं, म्हणजे मूत्रपिंडाच्या डॉक्टरनं, ठरवायचा आणि पातळी मोजून पक्का करायचा. इथं तर मात्राच निम्मी झाली होती.

मी आधी दोन गोष्टी विचारल्या. लघवी कमी झाली का, पायावर सूज, ताप, प्रतिरोपणाच्या जागी दुखणं आहे का? नव्हतं. दुसरं, डिल्टियाझेम चालू आहे ना? पुष्कळ रुग्णांना ही गोळी टॅक्रोलिमससोबत मुद्दाम देतात. ती टॅक्रोलिमसचं विघटन मंदावते, त्यामुळे कमी मात्रेत पातळी टिकते आणि खर्चही वाचतो. ती परस्पर बंद केली की पातळी खाली येते. अमरावतीच्या दुकानातून तीही घेतली होती, एवढं बरं झालं.

मग पट्टी आणि जुनी चिठ्ठी घेऊन मी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी लगेच क्रिएटिनिन ही रक्ततपासणी लिहिली (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो) आणि धंतोलीतल्या नेफ्रॉलॉजिस्टना फोन लावला. काका सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात दाखवायला रेफरल, म्हणजे डिस्पेन्सरीची शिफारस, लागत नाही. जून २०२४ पर्यंत ही सवलत पंचाहत्तरीनंतर होती. तो जुना नियम असता तर त्या गर्दीत आधी रेफरलचा कागद काढत बसलो असतो. वरवर लहान वाटणारा हा बदल अशा वेळी फार उपयोगी पडतो.

नेफ्रॉलॉजिस्टनी सांगितलं, रात्री आठपासून साधी कॅप्सूल पूर्वीसारखी, चुकलेल्या मात्रा भरून काढायच्या नाहीत, क्रिएटिनिन आजच, पातळी शुक्रवारी सकाळी. काकांकडे साध्या कॅप्सूल चारच उरल्या होत्या. आमच्या कपाटात हे औषध नसतं, ते इंडेंट करून, म्हणजे मागणी नोंदवून, अधिकृत लोकल केमिस्टकडून मागवावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी येतं. चार कॅप्सूल बुधवार सकाळपर्यंत पुरणार होत्या. इंडेंटला दोन दिवस उशीर झाला असता, तर बुधवारी रात्री पुन्हा खंड पडला असता.

पातळीच्या तपासणीत नेहमी होणारी चूक मी काकूंना दोनदा सांगितली आणि कागदावर लिहूनही दिली. त्या सकाळी कॅप्सूल घेऊन प्रयोगशाळेत जायचं नाही. रात्री आठची घेतली की सकाळी आठला रक्त द्यायचं, कॅप्सूल खिशात न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. आधी घेतली तर आकडा फुगून येतो, डॉक्टर मात्रा कमी करतात, आणि आपल्याच चुकीनं औषध कमी पडतं. नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीतच हवा, कारण ही पातळी अख्ख्या रक्तात मोजतात.

मंगळवारी केमिस्टची पिशवी आली. इंडेंटमध्ये डॉक्टरांनी या वेळी ‘साधी कॅप्सूल, प्रोलॉन्ग्ड रिलीज नको’ असं लिहिलं होतं आणि काका सहा वर्षं घेतात त्या कंपनीचं नावही दिलं होतं. मी पिशवी उघडून नाव, ताकद, प्रकार, कंपनी, बॅच, मुदत एकेक करून ताडलं, साठ कॅप्सूल मोजल्या आणि मगच सही केली. काकूंकडची उरलेली सहा कॅप्सूलची पट्टी काकांनी घ्यायची नाही, असं तिच्यावर मार्करनं लिहिलं.

सोमवारी क्रिएटिनिन दीड आलं होतं, ऑगस्टमध्ये ते १.३ होतं. शुक्रवारची पातळी नेफ्रॉलॉजिस्टना हवी त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला होती. त्यांनी मात्रा बदलली नाही, आठवड्यानं पुन्हा तपासलं. क्रिएटिनिन १.३ वर परत आलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

कंपनीच्या नावाऐवजी जेनेरिक, म्हणजे औषधाच्या मूळ नावानं लिहिण्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. बीपी, साखर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांत कंपनी बदलल्यानं बहुतेकांचं काही बिघडत नाही आणि सरकारचा पैसा वाचतो. पण जेनेरिक नाव म्हणजे अर्धीच ओळ झाली. रिलीजचा प्रकार आणि दिवसातून किती वेळा, हे त्याच ओळीत आलं पाहिजे. बीपीच्या मेटोप्रोलॉल गोळीतही तेच: तिचा टार्ट्रेट प्रकार साधारण दोनदा, सक्सिनेट एकदा. आणि टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, वॉरफरिन, फेनिटॉइन, लिथियम अशी मोजकी औषधं आहेत, तिथे कंपनी बदलायचीच असेल तर डॉक्टरांना कळवून आणि रक्त तपासूनच बदलावी. थायरॉइडची गोळी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी. आमच्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी ही नावं मोठ्या अक्षरात लावली आहेत, नव्या मुलांसाठी. गावाला जाणाऱ्यांना आम्ही आता सांगतो, फोटो काढा तो अख्ख्या चिठ्ठीचा, चारही कोपरे दिसले पाहिजेत, आणि सोबत रिकाम्या पट्टीचाही एक काढा.

नोव्हेंबरच्या औषधाला काका स्वतः आले. चष्मा लावून त्यांनी जुनं रिकामं वेष्टन नव्या पट्टीशेजारी धरलं आणि एकेक शब्द जुळवला. मागे रांग होती, पण मी घाई केली नाही.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. मग पिशवी बांधता बांधता विचारलं, “भाऊ, संत्र्याचे दिवस आहेत. या गोळीवर चालतात का?”

“आपली नागपुरी संत्री चालतात, काकाजी. पपनस नको, आणि मॉलमध्ये मिळतं ते ग्रेपफ्रूटही नको. त्यानं पातळी चढते.”

त्यांनी खिशातून पेन काढून ‘पपनस नाही’ असं वेष्टनाच्या मागे लिहून घेतलं.